दर पाच वर्षांनी रिकामी होणारी बालवाडी

वेलिंग्टनमध्ये पहिल्या दिवशी मुलीला 'प्लेसेंटर'मध्ये सोडून मी निघाले, तर एकीने माझ्या हातात रंगाचे ब्रश दिले. "हे धुवायचेत." इथे वेगळ्या बाई नव्हत्याच. आम्ही पालकच बाई! दोन तास मोकळे मिळतील म्हणून आलेली मी, मनातून वैतागलेच.

गंमत म्हणजे ही चळवळ त्याच दोन तासांसाठी सुरू झाली होती. १९४१ साली युद्ध चालू होतं. अनेक घरांतले पुरुष आघाडीवर, बायका तान्ह्या मुलांसोबत घरात अडकलेल्या. बिआट्रिस बीबी, इंगे स्मिदल्स आणि जोन वुड यांनी पुढाकार घेतला, आणि वेलिंग्टनच्या करोरी भागात केंद्र उभं राहिलं. पाळीपाळीने मुलं सांभाळायची. मुलांना सवंगडी, आईला उसंत.

त्याच वर्षी त्यांनी केंद्रांची संघटनाही काढली. ती का लागली, हे मला हळूहळू कळलं. न्यूझीलंडमध्ये मुलं साधारण पाच वर्षांची झाली की शाळेत जातात, आणि त्यांच्यासोबत केंद्र चालवणारे पालकही जातात. काही वर्षांत सगळे हात नवे. मग अनुभव साठवायचा कुठे? ते काम आसपासच्या केंद्रांच्या जाळ्याने केलं. जुन्या पालकांनी नव्यांना शिकवलं, खेळातून मूल कसं वाढतं हे समजावलं. १९४८ मध्ये या स्थानिक संघटनांचा देशव्यापी महासंघ झाला. ग्वेन सॉमरसेट पहिल्या अध्यक्ष. पुढे लेक्स ग्रे यांनी माओरी कुटुंबांसोबत हे काम वाढवलं.

मला बोर्डी आठवते. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तिथे काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. तिथे शिक्षिका मुलांच्या अंगणात गेली. इथे आईच शिक्षिका झाली.

पण त्यासाठी आईकडे वेळ लागतो. आता बहुतेक घरांत दोघंही कमावतात. आमच्याकडे सकाळच्या पाळीला माणसं जुळवताना रोज फोनाफोनी होते. जाळं कितीही पक्कं असलं, तरी ब्रश धुवायला कुणीतरी यावं लागतंच.

पुढच्या महिन्यात लेक पाच वर्षांची होईल. खेळण्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. ती कुणाला द्यायची, अजून ठरलेलं नाही.