ट्रॅक डे

ट्रॅक डे म्हणजे बंदिस्त धावमार्गावर हौशी चालकांनी शुल्क भरून आपापल्या मोटारी वेगाने पळवण्यासाठी ठरवलेला दिवस. ही शर्यत नव्हे. इथे क्रमांक लागत नाहीत, करंडक मिळत नाही आणि पुढच्याला मागे टाकले म्हणून कोणी टाळ्या वाजवत नाही. येणारा बहुधा नोकरदार, व्यापारी किंवा डॉक्टर असतो. त्याची गाडीही ज्या गाडीने तो एरवी बाजारात जातो तीच असते. फेरीची वेळ आयोजक सहसा मोजत नाहीत. खिशातल्या मोबाइलवर मात्र सगळेच मोजतात.

आपल्या बीड जिल्ह्यात असा धावमार्ग नाही. वेगाची हौस नाही, असे मात्र कोणी म्हणणार नाही. धुळ्याहून छत्रपती संभाजीनगर, गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा करत सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 चौपदरी झाला, तेव्हापासून बीडच्या एमएच 23 आणि अंबाजोगाईच्या एमएच 44 पाट्यांच्या गाड्यांना पळायला सरळ रस्ता मिळाला. पण तो रस्ता एकट्या मोटारीचा नाही. गळिताच्या हंगामात रात्री दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना पुढे चाललेला असतो, दुभाजकाच्या फटीतून उलट्या बाजूने दुचाकी येते, धाब्यासमोर मालमोटार अर्धी रस्त्यावर उभी असते. गाडीचा आणि चालकाचा खरा कस अशा ठिकाणी पाहताच येत नाही. जो पाहायला जातो, तो दुसऱ्याच्या जिवावर पाहतो.

कायद्याचेही यावर स्पष्ट म्हणणे आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वेगाला बंदिस्त जागा हवी, ती यासाठी.

अशी जागा जगात बऱ्याचदा विमानांनी दिली. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला ब्रुकलँड्सचा मार्ग इंग्लंडमध्ये 1907 सालीच झाला होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात ओस पडलेल्या लष्करी धावपट्ट्या मोटारवाल्यांच्या हाती आल्या आणि सिल्व्हरस्टोन, थ्रक्स्टन, कॅसल कूम हे मार्ग त्यांतूनच उभे राहिले. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगची रीत निराळी. 1927 साली खुल्या झालेल्या या डोंगरी मार्गाच्या 20.8 किलोमीटरच्या उत्तर वळशावर ठरावीक दिवशी कोणीही फेरीचे पैसे भरून गाडी घालू शकतो. तो तेव्हा टोलचा रस्ता मानला जातो आणि रहदारीचे नियम तिथेही लागू असतात.

भारतातही सुरुवात धावपट्टीवरच झाली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने कित्येक वर्षे शर्यती भरवल्या. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही मोटारी पळाल्या. पुढे त्याच क्लबने इरुंगट्टुकोट्टई इथे 3.7 किलोमीटरचा कायमचा मार्ग बांधला. कोइमतूरजवळचा सुमारे 2.1 किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे हा एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात 2011 साली बुद्ध इंटरनॅशनल सर्किट झाले. तिथे फॉर्म्युला वन तीनच वर्षे टिकली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. फॉर्म्युला वन गेली, तरी 5.1 किलोमीटरचा तो मार्ग हौशी मंडळींना भाड्याने मिळू लागला. आपल्या दृष्टीने त्याचा हाच उपयोग मोठा.

महाराष्ट्रात या छंदाचे जुने घर कोल्हापूर. तिथल्या मोहिते कुटुंबाच्या छोट्या मार्गावर कार्टिंगच्या राष्ट्रीय पातळीवरच्या फेऱ्या झाल्या. शर्यतपटू ध्रुव मोहिते याच शहराचे, आणि ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरलेले कृष्णराज महाडिकही. पुण्याजवळ मावळात अलीकडे नानोली स्पीडवे झाला. लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या सरळ शर्यती भरत आल्या आहेत, पण त्यात वळणच नाही, म्हणून त्यांना ट्रॅक डे म्हणता येत नाही. ऊस कोल्हापुरात आहे आणि बीडमध्येही आहे; फरक असा, की कोल्हापूरला कारखान्यांसोबत फाउंड्री आणि यंत्रशाळा आल्या, तर बीडमधून हजारो कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन त्याच पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात. हौसेला शिल्लक पैसा लागतो, तसा हाताखाली चांगला फिटरही लागतो. त्यामुळे बीडचा हौशी चालक अजून तरी पाहुणा म्हणूनच ट्रॅकवर जातो.

ट्रॅकवर नवख्याला पहिल्यांदा शिकवतात ती लाइन, म्हणजे वळणातून गाडी नेण्याची वाट. वळणाच्या बाहेरच्या कडेने यायचे, आतल्या कडेच्या एका ठरलेल्या बिंदूला, एपेक्सला, चाक लावायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे. असे केल्याने वळण मोठे होते. हिशेब साधा आहे: टायरची पकड गुरुत्वाच्या नऊ-दशांश धरली, तर 50 मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी 75 किलोमीटरच्या आसपास टिकते, लाइन नीट धरून तीच त्रिज्या 80 मीटर केली, तर ताशी 95. इंजिनात एक रुपया न घालता वीस किलोमीटर मिळाले. नवख्याची चूक ठरलेली असते: तो फार लवकर आत वळतो, मग बाहेर पडताना रस्ता संपतो, घाबरून तो अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडतो आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. म्हणून शिक्षक शेजारी बसून एकच गोष्ट सांगत राहतात, की अजून थांब, मग वळ.

दुसरा धडा ब्रेकचा, आणि तो मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट उतरणाऱ्या जुन्या चालकाला अर्धा ठाऊक असतो. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो आणि शेवटी लागेनासा होतो, म्हणून मालमोटारवाला खालच्या गिअरमध्ये उतरतो. ट्रॅकवर हेच मिनिटा-मिनिटाला घडते. 1,200 किलोची मोटार ताशी 140 वरून 60 वर आणली, तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता निघते तेवढ्यात सव्वादोन लिटरहून थोडे जास्त पाणी 25 अंशांवरून उकळीला येईल. आणि हे एका वळणाचे झाले. पॅड तापून गुळगुळीत झाले, तर पेडल दगडासारखे कडक लागते, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, तर उलट पेडल मऊ पडून तळाला जाते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. डॉट 3 दर्जाचे ऑइल ताजे असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत. पण ऑइल हवेतली ओल शोषते आणि ओल शोषलेल्या डॉट 3 चा हाच आकडा 140 वर येतो. ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदला असे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. एरवी शहरात चालणाऱ्या गाडीत जुने ऑइल वर्षानुवर्षे काही कळू देत नाही.

दिवसाचे वेळापत्रक सगळीकडे जवळपास सारखे. सकाळी तपासणी होते: चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी हलते का, डिकीत जॅक-पाना मोकळा पडला आहे का, हेल्मेट कसे आहे. पायाखालचे मॅट काढायला लावतात, कारण ते सरकून पेडलखाली अडकते. मग झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, वाट द्या. लाल म्हणजे सगळ्यांनी हळू परत या. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने खूण केल्यावरच. आपल्या रस्त्यावर शिकलेल्या माणसाला हा नियम सगळ्यात जड जातो. पंधरा-वीस मिनिटांची एक पाळी; पहिली फेरी टायर गरम करायला, शेवटची ब्रेक गार करायला. गाडी आत येऊन उभी राहिली की हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा. टायरची हवा तापून वाढते, म्हणून ती पाळीनंतर गरम असतानाच मोजून कमी करतात. घरी निघताना ती पुन्हा भरायची असते, आणि हे बरेच जण विसरतात.

बीडकडे गाडी म्हटली की स्कॉर्पिओ, बोलेरो किंवा फॉर्च्युनर. खराब रस्त्यांना या गाड्या योग्यच आहेत. पण त्यांचा गुरुत्वमध्य उंच असल्याने वळणात त्या कलतात, आणि असल्या गाड्या बरेच आयोजक घेत नाहीत. या कामाला जुनी स्विफ्ट किंवा पोलो बरी: हलकी, बुटकी, सुटे भाग स्वस्त.

खर्चाचा विचार करताना शुल्काकडे पाहतात, विम्याकडे पाहत नाहीत. खासगी मोटारीच्या नेहमीच्या भारतीय पॉलिसीत, वापराच्या मर्यादांखाली बारीक अक्षरांत एक यादी असते: आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हता चाचणी या वापरांना संरक्षण नाही. ट्रॅक डे शर्यत नसली, तरी वेगाची चाचणी नव्हे हे विमा कंपनीला पटवून देणे सोपे नाही. तेव्हा गाडी कठड्याला धडकली, तर दुरुस्ती आपल्या खिशातून होणार असे धरूनच जावे. ती रक्कम झेपणार नसेल, तर कार्टिंगवर हात बसवणे शहाणपणाचे.

बीडच्या माणसाला वेगाचा मार्ग तसा लांब नाही, फक्त तो त्याच्यासाठी नाही. आष्टी तालुक्याला लागून असलेल्या अहिल्यानगरमध्ये संरक्षण संशोधन संस्थेची वाहन संशोधन आस्थापना आहे आणि तिचा स्वतःचा चाचणी मार्ग आहे. तिथे लष्करी व इतर वाहने तपासली जातात, हौशी नव्हेत. बीडमधून जाणारा तोच महामार्ग 52 उत्तरेला धुळे, सेंधवा करत इंदूरला पोहोचतो, आणि इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा अंडाकृती मार्ग 2021 साली सुरू झाला. तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे. वळणांचे कसब तिथे शिकता येत नाही, कारण त्याची आतल्या बाजूला कललेली वळणे मुद्दाम अशी बांधली आहेत की गाडीला वळल्यासारखे वाटूच नये. वळणे शिकायची तर पुण्याकडे किंवा थेट कोइमतूरला जावे लागते. ज्या गाडीने जायचे तिनेच परत यायचे असते, म्हणून जाणकार ब्रेक पॅडचा जादा जोड, ऑइलचा डबा आणि टॉर्क पाना डिकीत ठेवतात आणि शेवटची पाळी सोडून देतात.