ताक, सोडा आणि पाव

आयर्लंडच्या खेड्यातला पारंपरिक पाव कोणता, असं विचारलं तर उत्तर मिळतं : सोडा ब्रेड. परंपरा म्हटलं की आपल्याला हजार वर्षं आठवतात. या पावाचं वय मात्र दोनशेही नाही, आणि मला त्याचं अप्रूप वाटतं ते त्यासाठीच.

खायचा सोडा सर्वसामान्यांच्या घरात पोचला तो एकोणिसाव्या शतकात. आयर्लंडच्या दमट हवेतला गहू मऊ. त्याच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून यीस्टचा पाव नीट फुगत नसे. ताक मात्र घरोघरी. बायका लोणी घुसळत. ते विकून जमिनीचा खंड भरला जाई आणि ताक तेवढं घरात उरे. हे आंबट ताक सोड्याला भेटलं की वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. आपला ढोकळा फुगतो तसाच! फार मळायचं नाही, थांबायचं नाही, लगेच भाजायचं.

भट्टी होती कुणाकडे? दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या विस्तवावर लोखंडी भांडं ठेवायचं, झाकणावरही निखारे पसरायचे. आपल्याकडे नानकटाई अशीच भाजत. पावावर सुरीने मोठी फुली मारत. त्यामुळे तो मधपर्यंत नीट भाजला जाई आणि त्याचे चार तुकडेही सहज पडत. पण कुणी त्या फुलीला देवाचा आशीर्वाद म्हणे, तर कुणी पऱ्यांना बाहेर पडायची वाट!

पण ही नुसती पाककृतीची गोष्ट नाही. गरिबांचं खरं अन्न होतं बटाटा आणि ताक. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढ्यांनीच देश सोडला. त्यानंतरच्या दशकांत गरिबांच्या घरात बटाट्याशेजारी विकतचं पीठ आलं आणि सोड्याचा पाव रोजचा झाला.

१९४६ साली आयर्लंडच्या खेड्यांत वीज नेण्याची योजना सुरू झाली. हळूहळू विस्तवावरचं भांडं गेलं, विजेची शेगडी आली. पाव मात्र टिकला.

इतिहासात लढायांच्या तारखा असतात. उरलेल्या ताकातून घर जगवणाऱ्या बायकांची नावं नसतात. परंपरा अशीही घडते : हाताशी उरलेलं आणि नव्यानं मिळालेलं एकत्र कालवून.