ड्राय फायरिंग

ड्राय फायरिंग : बंदुकीत काडतूस किंवा केप नसताना चाप ओढून घोडा सोडणे. नेमबाज हे सरावासाठी करतात. गावाकडे बंदूक पुसताना किंवा पाहुण्याला दाखवताना ते सहज घडते. नुकसान होते की नाही, हे घाव कशावर बसतो यावर ठरते.

ठासणीची बंदूक : पिंगुळी-कुडाळ पट्ट्यासह सिंधुदुर्गात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ही बंदूक बाळगली जाते. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ निपलवर केप बसते आणि घोड्याचा घाव ती झेलते. केप नसली की पोलाद पोलादावर आदळते. निपलचे तोंड चेपते, कडा बाहेर पसरते. मग नवी केप पुरती खाली उतरत नाही. पहिला घाव तिला दाबण्यातच जातो आणि बार चुकतो. दारू मात्र नळीतच राहते. हा धोका निपलच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा.

उपाय साधा आहे. निपलवर जाड चामड्याचा तुकडा ठेवावा, घोडा अंगठ्याने धरून सावकाश उतरवावा. त्याआधी नळी रिकामी असल्याची खात्री हवीच. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत सोडून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुढे ही खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत बार भरलेला आहे.

काडतुसी बंदुका : जुन्या दुनळी बारा बोअरमध्ये घाव झेलायला काडतूस नसल्याने पिन तुटू शकते. त्यासाठी स्नॅप कॅप, म्हणजे स्प्रिंग किंवा रबर बसवलेले नकली काडतूस, वापरतात. आधुनिक सेंटरफायर बंदुकांना बहुतेक उत्पादक मुभा देतात. किती वेळा, याबाबत मतभेद आहेत. .22 रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर बसते. काडतूस नसल्यास काही रचनांत ती थेट चेंबरच्या काठावर आदळून खाच पाडते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तो प्रकार याच .22 रायफलचा. स्पर्धेच्या रायफलींसाठी उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी.

हवाई बंदूक : स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा न घालता चाप ओढू नये, पिस्टनचे सील खराब होते.

दुरुस्ती : चेपलेले निपल घरी कानशीने घासू नये, बदलून घ्यावे. शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय कलम 5 नुसार परवानाधारकालाच करता येतो.