फादर स्टीफन्स यांची प्रश्नोत्तरी

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी विचारलं, वसमतच्या माणसाला गोव्यातल्या चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याशी काय करायचंय? त्याचं उत्तर औंढ्यात आहे. तिकडे येतोच.

आधी थोडं युरोपात जाऊ. सोळाव्या शतकात तिथं ख्रिस्ती धर्म दुभंगला. ल्यूथरनं 1529 साली मुलांना, घरच्या मंडळींना शिकवायला एक छोटी प्रश्नोत्तरी काढली, आणि मग प्रत्येक पंथाला स्वतःची प्रश्नोत्तरी हवी झाली. जर्मनीत हायडेलबर्गला फ्रेडरिक तिसरा हा इलेक्टर होता. त्याच्या आज्ञेनं 1563 साली जी तयार झाली, तिच्यामागचा मुख्य हात झकारियास उर्सिनुस याचा मानतात. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. 129 प्रश्न, वर्षाच्या 52 रविवारांत वाटलेले. सुधारणावादी चर्चमध्ये ती आजही शिकवतात. कॅथलिकांनीही 1566 साली पाद्र्यांसाठी आपला ग्रंथ काढला. म्हणजे तलवारीच्या लढाईबरोबरच पाठांतराचीही लढाई चालली होती.

या धामधुमीतून इंग्लंडचा एक तरुण निसटला. थॉमस स्टीफन्स, जन्म 1549 च्या सुमारास. इंग्लंडात प्रॉटेस्टंट राज्य, हा कॅथलिक. रोमला जाऊन तो जेज्विट झाला आणि 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, 1619 साली मरेपर्यंत, तो इकडेच राहिला.

ज्या साष्टीत त्यानं काम केलं तिथं काय झालं होतं तेही सांगितलं पाहिजे. 1567 च्या सुमारास तिथली देवळं पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेज्विटांना ठार मारलं. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता. त्याला मराठीचा गोड पाद्री म्हणून नुसता ओवाळायचा, हे मला पटत नाही. त्याच्या पाठीशी सत्ता होती आणि समोरच्या माणसाचं देऊळ गेलेलं होतं.

त्यानं कोकणीत प्रश्नोत्तरी लिहिली, ‘दौत्रिन क्रिस्तां’. मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज जेज्विटाच्या पुस्तकावर बेतलेली, गुरुशिष्यांच्या संवादाची. ती त्याच्या मृत्यूनंतर 1622 साली रायतूरला छापली गेली. कोकणीतलं छापलेलं पहिलं पुस्तक ते हेच.

आता औंढा. नामदेवांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. नरसीचे नामदेव औंढ्याला आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही अशी जागा दाखव, तिथं ठेवतो. यातली गंमत बघा. इथंही गुरू-शिष्य आहेत, पण उत्तर छापून ठेवलेलं नाही. नामदेवांना ते शोधावं लागलं. प्रश्नोत्तरीत तसं होत नाही. हायडेलबर्ग घ्या नाहीतर रायतूर घ्या, उत्तर आधी ठरतं आणि त्याला जुळणारा प्रश्न मागाहून येतो. पंथ टिकवायला ते सोयीचं असतं, हेही खरं.

पण साष्टीत एक खराखुरा प्रश्न आला, आणि त्याची नोंद स्टीफन्सनंच करून ठेवली. ‘क्रिस्तपुराणा’च्या पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात, रविवारी दुपारी चर्चमध्ये धर्मशिक्षण चाललेलं आहे आणि नवख्रिस्ती लोकांमधला एक जण पाद्र्याला विचारतो. आशय असा, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरं पुराण का देत नाही? हा प्रश्न कुठल्या पुस्तकात ठरवून दिलेला नव्हता. पाठ केलेल्या उत्तरांनी त्या माणसाची भूक भागत नव्हती. त्याला ऐकायला काहीतरी हवं होतं.

त्यातूनच 1616 साली छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ आलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्याही मराठीत. पोरांच्या पाठांतराला घरातली कोकणी आणि पुराणाला मराठी, अशी ही वाटणी होती. गोव्यातही पुराण ऐकायचं ते मराठीतच, हा तिथला रिवाज त्यानं ओळखला. ओवी घेतली, ‘वैकुंठ’ घेतलं, ‘परमेश्वर’ घेतला. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरितु सांतु’च्या वळणाचाच शब्द ठेवला. तिथं देशी शब्द वापरायचा धीर झाला नसावा. भलताच अर्थ चिकटेल ही धास्ती असणार. लिपी रोमन, कारण आपल्या अक्षरांचे शेकड्यांनी खिळे पाडायला लागले असते. ते मिळावेत म्हणून त्यानं 1608 साली रोमला लिहिलं होतं. मिळाले नाहीत.

पुढं 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत सरकारच्या धर्माची प्रश्नोत्तरी छापली, तीच भाषा सरकारला नकोशी झाली!

या दोन पुस्तकांचं पुढं काय झालं तेही बघा. ‘दौत्रिन’च्या छापील प्रती युरोपात सापडतात, लिस्बनला आणि रोमला, ग्रंथालयांत. पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, 1616, 1649 आणि 1654. त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही. पुराण टिकलं ते लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांत, गोव्यात आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत. अशाच पोथ्या जमवून जे. एल. सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला ते पुन्हा छापलं. देवनागरी लिपीतली एक पोथी तर लंडनला निघाली.