उपाहारगृहांतील बालआहार : कायद्यातील पोकळी आणि संयुक्त आघाडीचा मार्ग

जबलपूर : उपाहारगृहांत मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत साखर, मीठ व स्निग्धांश किती असावेत, याविषयी देशात स्वतंत्र बंधनकारक निकष नाहीत. ही पोकळी भरून काढण्यासाठी आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, पालक व ग्राहक संघटना यांच्या संयुक्त आघाडीचा मार्ग देश-विदेशांतील अनुभवांतून पुढे येतो.

सध्याचे नियम

'उदय फाउंडेशन'च्या 2010 मधील जनहित याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये निकाल दिला. पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2020 मध्ये विनियम अधिसूचित केले; ते 1 जुलै 2021 पासून लागू झाले. त्यांनुसार मेद, साखर व मीठ अधिक असलेल्या पदार्थांची शाळेच्या आवारात, तसेच प्रवेशद्वारापासून 50 मीटरच्या परिसरात विद्यार्थ्यांना विक्री करण्यास मनाई आहे. त्यापलीकडील उपाहारगृहांना ही मनाई लागू नाही.

केंद्रीय परवानाधारक किंवा 10 अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना 1 जुलै 2022 पासून पदार्थांपुढे उष्मांक नमूद करणे बंधनकारक आहे. मात्र सोबत द्यावयाचा 2,000 किलोकॅलरींचा संदर्भ प्रौढांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या निकषांनुसार 4 ते 6 वर्षांच्या बालकाची दैनंदिन गरज सुमारे 1,360 किलोकॅलरी आहे. शहरांतील बहुसंख्य एकल उपाहारगृहे या नियमाच्या कक्षेबाहेर राहतात.

वर्ध्याचा धडा

वर्धा येथे डिसेंबर 1991 मध्ये स्थापन झालेल्या 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया'चे उदाहरण मार्गदर्शक ठरते. शिशुआहार कंपन्यांकडून निधी न घेण्याचे धोरण तिने स्वीकारले. शिशुदुग्ध पर्यायांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा 1992 मध्ये झाला आणि त्याच्या उल्लंघनाविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार केंद्र सरकारने या संस्थेला दिला. आर्थिक स्वातंत्र्य आणि सातत्यपूर्ण देखरेख ही या कार्याची दोन अंगे होत.

मागणी नेमकी हवी

सॅन फ्रान्सिस्को शहराने 2010 मध्ये खेळणे मोफत देण्यासाठी भोजनात 600 पेक्षा कमी कॅलरी असण्याची अट घातली. मॅकडोनाल्ड्सने खेळण्याचे 10 सेंट वेगळे आकारून अटीतून वाट काढली. याउलट कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2019 पासून मुलांच्या भोजनासोबत मुळात पाणी किंवा साधे दूध यांसारखे पेयच देण्याचा नियम केला. मागणी केल्यास अन्य पेय घेण्याची मुभा राहिली. असा नियम समजण्यास सोपा आणि तपासण्यासही सुकर असतो.

जबलपूरमधील शक्यता

नेपियर टाउनमध्ये शासकीय मोहनलाल हरगोविंददास गृहविज्ञान महाविद्यालय आहे. शहरात नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय व मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठही आहे. पोषणविषयक अभ्यास, वैद्यकीय मत आणि कायदेशीर दाद या तिन्ही गोष्टी येथे एकाच शहरात उपलब्ध आहेत.

अशा आघाडीचे पहिले काम स्थानिक उपाहारगृहांच्या बालभोजनाची पाहणी करणे हे ठरू शकते. सोबत कोणते पेय दिले जाते, तळलेल्या पदार्थाऐवजी डाळ-भात, पोळी-भाजी किंवा फळ मिळते का आणि लहान वाढप उपलब्ध आहे का, याची नोंद घेता येईल. त्या आधारे व्यावसायिकांशी संवाद साधून ऐच्छिक बदल घडवता येतील. बंधनकारक निकष ठरवण्याचा अधिकार मात्र केंद्रीय प्राधिकरणाचाच असल्याने ही माहिती तेथवर पोहोचवणे आवश्यक राहील.