ब्रुआज : समुद्राने पाठ फिरवलेले बंदर

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील रोशफोरहून ब्रुआजला गेलेला प्रवासी तटावर चढतो, तेव्हा त्याला समुद्र दिसतच नाही. १५५५ साली वसलेले हे मिठाचे बंदर. मीठ भरायला येणाऱ्या रिकाम्या जहाजांनी तोल राखण्यासाठी आणलेले दगड येथे टाकले. गाव त्यांच्यावरच उभे राहिले. क्वेबेक वसवणारा शांप्लँ बहुधा इथलाच. पुढे दगडांनीच घात केला. १५८६ मध्ये, धर्मयुद्धांच्या धामधुमीत, प्रॉटेस्टंटांनी दगड भरलेली जहाजे खाडीत बुडवून वाट अडवली. गाळ वाढत गेला. १६३० नंतर रिशल्यूने भक्कम तटबंदी उभारली खरी. पण गाळ तोफांना थोडाच भितो? १६६६ मध्ये कोल्बेरने आरमारी गोदीसाठी रोशफोर निवडले. ब्रुआजच्या मिठागरांत आता गुरे चरतात.