‘देणे आहे’, ‘पाहिजे’, ‘क्षमस्व’ : उपनगरी छोट्या जाहिरातींचे व्याकरण

वाङ्मयेतिहासात वृत्तपत्राला स्थान मिळते ते निबंध, अग्रलेख आणि क्रमशः प्रसिद्ध झालेली कथा-कादंबरी यांच्यामुळे. छोट्या जाहिरातींचे पान या इतिहासाबाहेरच राहिले आहे. त्याला लेखक नाही, शैली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याची रद्दी होते, ही त्याची कारणे दिली जातात. परंतु भाषिक व्यवहाराचे प्रकार ठरवताना बाख्तीनने दैनंदिन देवाणघेवाणीत सिद्ध होणारे प्राथमिक प्रकार आणि त्यांना सामावून घेणारे कादंबरीसारखे दुय्यम प्रकार असा जो भेद केला, तो मान्य केल्यास या पानाचा विचार टाळता येत नाही. छोटी जाहिरात या दोहोंच्या सीमारेषेवर उभी असते. ती छापील आहे, तरी तिचा कर्ता निनावी आहे. ती खाजगी गरजेतून येते, तरी सार्वजनिक साच्यातच बोलते. लंडनच्या ‘टाइम्स’ने ३ मे १९६६ पर्यंत आपले पहिले पान बातम्यांना न देता अशा जाहिरातींनाच दिले होते, यावरून नागर जीवनात या प्रकाराचे मोल काय होते याची कल्पना येते.

मुंबईच्या उपनगरांतील मराठी वाचक ज्या छोट्या जाहिराती वाचत आणि देत आला, त्यांतील तीन सूत्ररूप शब्दांचा विचार येथे योजला आहे : ‘देणे आहे’, ‘पाहिजे’ आणि ‘क्षमस्व’. या शब्दांच्या व्याकरणात उपनगरी मध्यमवर्गाचा एक सामाजिक इतिहास नोंदला गेला आहे. कोण कोणाला उद्देशून बोलतो, कोण स्वतःला लपवतो आणि कोणाला स्वतःचे नाव उघड करावे लागते, याची वाटणी त्या व्याकरणात आढळते.

१

मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत, आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. याच सुमारास या पट्ट्यात महाविद्यालयांची साखळी उभी राहिली. अंधेरीचे भवन्स (१९४६), विलेपार्ल्याचे पार्ले महाविद्यालय (१९५९), जे पुढे साठ्ये महाविद्यालय झाले, तेथीलच मिठीबाई (१९६१), विद्याविहारचे सोमय्या संकुल (१९५९), घाटकोपरचे झुनझुनवाला (१९६३), आणि पुढे मुलुंडचे वझे (१९८४) ही तिची काही ठळक नावे. ‘लोकसत्ता’ १९४८ मध्ये आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ मध्ये सुरू झाला. म्हणजे उपनगर, महाविद्यालय आणि मराठी दैनिकांचा विस्तार या तिन्ही गोष्टी एकाच कालखंडातील आहेत. स्टेशनपासून पाच मिनिटांवरची खोली, गणित-विज्ञानाची शिकवणी, घरगुती डबा, टंकलेखनाचा वर्ग, प्रबंध टंकलिखित करून मिळण्याची सोय आणि पदवीधर वधू या साऱ्यांना एकाच पानावर शेजार लाभला तो या योगामुळे.

यांपैकी सर्वांत व्यापक नामपद म्हणजे ‘जागा’. मुंबईच्या मराठीत ‘जागा’ म्हणजे स्थळ नव्हे, तर घर. आणि घर म्हणजे भावना नव्हे, तर हक्क. हा अर्थबदल कायद्याने घडवला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले. हे संरक्षण टाळण्यासाठी मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’ या कराराचा आश्रय घेऊ लागले. तेव्हा १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. राहणाऱ्याच्या दृष्टीने हा न्याय होता. मालकाच्या मनात मात्र, दिलेली जागा परत मिळणार नाही, ही धास्ती कायमची बसली.

‘देणे आहे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ या धास्तीच्या संदर्भात लावावा लागतो. ‘मी जागा देतो’ किंवा ‘आम्ही जागा देऊ’ असे जाहिरात म्हणत नाही. ती ‘भाड्याने देणे आहे’ असे म्हणते. धातुसाधित नाम आणि ‘आहे’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. देणारा कोण हे वाक्यात कोठेच येत नाही. शब्दांमागे पैसे मोजावे लागत असल्याने कर्ता गाळला जातो, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कारण शब्द वाचवणारी तीच जाहिरात ‘फक्त’, ‘लहान कुटुंबास’, ‘विद्यार्थिनीस’ अशा अटींवर शब्द खर्च करते. शिवाय मराठीत ‘देणे’ म्हणजे ऋणही. एकदा दिले की परत येण्याची खात्री नाही, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ १९७३ नंतरच्या मालकाला चांगलाच परिचित झाला होता.

‘पेइंग गेस्ट’ या शब्दाचे या पानावरील स्थानही असेच कायद्याशी निगडित आहे. त्याच दुरुस्तीने परवानाधारकाची जी व्याख्या केली तीतून पेइंग गेस्टला वगळले. आणि परवाना देणारा स्वतः ज्या घरात राहतो त्याच घराचा काही भाग ज्याला दिला जातो तो पेइंग गेस्ट, असे ठरवले. त्यामुळे दोन खोल्यांच्या ब्लॉकमधील एक कॉट महाविद्यालयीन विद्यार्थ्याला देणे हे मालकासाठी केवळ उत्पन्न न राहता कायदेशीर सुरक्षिततेचेही साधन झाले. विद्यार्थी तर परीक्षा झाली की जाणारच! १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची ये-जा वाढली आणि या व्यवहाराला आणखी चालना मिळाली. पैसे मोजणारा पाहुणा ही कल्पना मराठी आतिथ्याच्या परंपरेला विसंगत होती; म्हणूनच बहुधा तिला मराठी प्रतिशब्द मिळाला नाही. पाहुण्याला जात, आहार किंवा येण्याची वेळ विचारण्याचा संकोच ज्या घरात बाळगला जाई, त्या घराला हे तिन्ही प्रश्न विचारण्याची मुभा ‘पेइंग गेस्ट’ या परक्या शब्दाने दिली.

२

‘पाहिजे’ हे क्रियापद मूळचे ‘पाहणे’ या धातूचे जुन्या मराठीतील कर्मणी रूप होय. ‘पाहिले जावे’, ‘शोधले जावे’ असा त्याचा मूळ रोख. इच्छा व्यक्त करणारा माणूस या रचनेत कर्त्याच्या स्थानी येतच नाही. आलाच तर ‘मला’ अशा चतुर्थीत, कडेला उभा राहतो. ‘वधू पाहिजे’ या शीर्षकाखाली हे ‘मला’ही गळते. वर स्वतः बोलत नाही, त्याचे आईवडील बोलत आहेत असेही म्हटले जात नाही. जणू कुटुंब, पोटजात आणि पगार हेच एकत्रितपणे बोलत असतात.

या सदरात ‘जागा’ पुन्हा येते, पण विशेषण होऊन. ‘मुंबईत स्वतःची जागा’ हा वराचा गुण ठरतो. निर्व्यसनीपणा, पदवी आणि नोकरी यांच्या पंक्तीत तो बसतो, आणि पुष्कळदा त्यांच्या आधी. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाने आणि त्यावरून निघालेल्या ‘पिया का घर’ने (१९७२) नवविवाहितांना न मिळणारा एकांत हा विनोदाचा व कारुण्याचा विषय केला. जाहिरातीने तोच प्रश्न दोन शब्दांच्या हमीत मिटवला. गृहबाजार आणि विवाहबाजार ही दोन सदरे परस्परांना पूरक होती : एकात जागा देणारा माणूस निवडत होता, दुसऱ्यात माणूस निवडण्यासाठी जागा सांगितली जात होती.

संपर्काच्या पद्धतीतही विषमता होती. ‘भेटा’, ‘लिहा’, ‘संपर्क साधा’ ही आज्ञार्थी रूपे वाचकाला बोलावतात. घरी दूरध्वनी नसलेला जाहिरातदार शेजाऱ्याचा क्रमांक ‘पी. पी.’ अशा अक्षरांसह देई, आणि मग त्याचा खाजगी व्यवहार मजल्यावरच्या सर्वांना कळे. ज्याला हे टाळायचे असेल तो ‘बॉक्स नंबर’ घेई. या व्यवस्थेत जाहिरातदार पूर्ण अदृश्य राहतो. पण उत्तर देणाऱ्याला नाव, आडनाव, पोटजात, शिक्षण आणि बहुधा छायाचित्रही पाठवावे लागते.

३

‘क्षमस्व’ हा या पानावरचा सर्वांत अर्थगर्भ शब्द. ‘दलाल क्षमस्व’ हा त्याचा निरुपद्रवी उपयोग. ‘एस. सी., एस. टी. क्षमस्व’ हा विवाहविषयक जाहिरातींतील दुसरा उपयोग, आणि तो निरुपद्रवी नाही. वर्षानुवर्षे मराठी दैनिकांच्या वाचकांनी तो वाचला. आणि दलालांसाठी वापरलेलाच शब्द येथेही आहे यात कित्येकांना काही वावगे वाटले नाही.

व्याकरणदृष्ट्या ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थाचे द्वितीय पुरुषी एकवचन. पूजेच्या शेवटी भक्त देवापुढे आपल्या न्यूनाबद्दल क्षमा मागतो तेथे हा शब्द परंपरेने येतो. म्हणजे तो मूळचा लहानाने मोठ्याला उद्देशून उच्चारायचा शब्द आहे. जाहिरातीत ही दिशा उलटते. जो आपल्या घराचे दार बंद करतो तोच येथे क्षमायाचकाची भाषा बोलतो, आणि ज्याला नाकारले जाते त्याला क्षणभर देवाच्या जागी बसवले जाते. ज्यांचे स्वागत आहे त्यांच्यासाठी ‘भेटा’, ‘लिहा’ ही रोजच्या मराठीतील रूपे. ज्यांचे स्वागत नाही त्यांच्यासाठी मात्र संस्कृत! ज्या समाजघटकांना संस्कृतपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांना आधुनिक वृत्तपत्राच्या पानावर संस्कृतात संबोधले जाते ते आणखी एकदा दूर ठेवण्यासाठी.

या शब्दाच्या आधीची आद्याक्षरेही लक्षणीय आहेत. जातीचे नाव घेतले जात नाही, अनुसूची सांगितली जाते. ‘अनुसूचित जाती’ ही १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आलेली आणि राज्यघटनेने संरक्षणासाठी स्वीकारलेली संज्ञा. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षापात्र ठरवले. पण कोणाशी विवाह करावा हा निर्णय या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. संरक्षणाच्या शासकीय संज्ञेचा असा बहिष्कारासाठी वापर झाला, आणि तोही इंग्रजी आद्याक्षरांच्या आडून, सभ्यतेचा भंग झाल्याचे न भासू देता. आंतरजातीय विवाह हाच जातिनिर्मूलनाचा खरा उपाय, असे प्रतिपादन डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केले होते. ही दोन अक्षरे आणि हा एक शब्द नेमका तोच उपाय नाकारतात.

या संबोधनाला उत्तर याच पानावर मिळणे शक्य नव्हते. ते साहित्यात मिळाले. बाबूराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेत रेल्वेत नोकरी करणारा तरुण उधन्यात भाड्याची खोली शोधताना जात लपवतो, आणि जात उघडकीस आल्यावर मार खातो. जाहिरातीत जो केवळ संबोधित आहे तो या कथेत निवेदक होतो. जाहिरातीच्या व्याकरणात त्याला नसलेला प्रथम पुरुष त्याला कथेत मिळतो.

तसा प्रथम पुरुष जाहिरातींच्या पानावर अजिबात नाही असे नव्हे. नावबदलाच्या निवेदनांत तो हमखास येतो : मी माझे नाव बदलले आहे, यापुढे मला या नावाने ओळखावे. विवाहित स्त्रिया, शाळेच्या दाखल्यातील चूक सुधारू पाहणारे, धर्मांतर केलेले आणि आडनाव बदलणारे अशा अनेकांची निवेदने या सदरात शेजारी-शेजारी येतात. आडनाव बदलण्याचे कारण मजकुरात नसते. मात्र आडनावावरून जात ओळखली जाते त्या समाजात वरच्या सदरातील ‘क्षमस्व’ आणि खालच्या सदरातील ‘मी’ यांचा काहीच संबंध नाही, असे मानणे कठीण आहे. घर ज्याच्याजवळ आहे त्याला कर्तृपद गाळून बोलता येते. ‘मी’ म्हणून उभे राहावे लागते ते ज्याला स्वतःची ओळख नव्याने सिद्ध करायची आहे त्याला.

४

१९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. मुदत संपताच परवानाधारकाकडून जागा परत मिळवण्याची तरतूद त्यात असल्याने मालकाची जुनी धास्ती ओसरायला हवी होती. परंतु अटी राहिल्याच. ‘फक्त शाकाहारी’ ही त्यांतील सर्वांत सभ्य दिसणारी अट; तिच्यातून जात आणि धर्म न उच्चारता चाळले जातात. सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा सहकारी गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातमधील झोरोस्ट्रियन संस्थेच्या प्रकरणात वैध ठरवला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये, मराठी असल्यामुळे मुलुंडमध्ये कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, अशी तक्रार एका महिलेने चित्रफितीतून मांडली आणि राज्यभर संताप उसळला. तो संताप न्याय्यच होता. पण जो मराठी वाचक दुसऱ्यांसाठी छापलेले ‘क्षमस्व’ दशकानुदशके चहासोबत वाचत आला, त्याने या प्रसंगी आपल्या वृत्तपत्राची जुनी पाने उलटून पाहिली असती, तर संतापाला आत्मपरीक्षणाचीही जोड मिळाली असती.

आता या व्यवहाराचा मोठा भाग संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर गेला आहे. तेथे जात, पोटजात, आहार यांचे रकाने असतात. हवे ते निवडले की नको असलेले दिसेनासे होते. ‘क्षमस्व’ म्हणण्याची गरजच उरली नाही. ही प्रगती म्हणता येणार नाही. छापील शब्द अन्यायाचा असला तरी त्यात नाकारल्याची कबुली होती. ज्याला नाकारले त्याला तो वाचता येत होता आणि त्याचा निषेधही करता येत होता. रकान्यातून वगळलेल्याला आपण वगळले गेलो हे कळतही नाही.

म्हणून ही जुनी पाने जतन होणे आणि वाचली जाणे आवश्यक आहे. उपनगरांचा इतिहास सामान्यतः रेल्वेमार्ग, गृहनिर्माण आणि लोकसंख्या यांच्या आधारे लिहिला जातो. तेथील माणसांनी परस्परांना कोणत्या अटींवर शेजारी मानले, हे मात्र छोट्या जाहिरातींच्या क्रियापदांतून कळते. मराठी समीक्षेने वाक्यातील गाळलेला कर्ता शोधण्याचे कसब कवितेवर पुष्कळ वापरले आहे. ते या पानांवरही वापरले जायला हवे.